पाणी आधी, कागद नंतर

बिराजदार काका कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडतात. बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर आजाऱ्याची विचारपूस असो. चपला काढायच्या, यजमानांना नमस्कार करायचा आणि सरळ न्हाणीघर गाठायचं. तिथली बादली नळाखाली सरकवायची, तोटी पूर्ण उघडायची आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभं राहायचं. बाहेर मंडळी पोह्यांच्या बशा हातात धरून थांबलेली, आतून धो धो आवाज. मग काका ओल्या पावलांनी बाहेर येऊन निकाल सांगतात, "साडेतीन मिनिटं. टाकीत गाळ बसलाय तुमच्या. आन् पाईप अर्ध्या इंचाचा कुणी टाकला?"

ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे सत्यनारायणाला मी त्यांना घेऊन गेले होते. एकदाच. पूजेला बसलेल्या तिच्या नवऱ्याला त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायाच्या मध्ये उठवलं आणि सोवळ्यासकट गच्चीतल्या टाकीवर चढवलं. गाळ निघाला, हे कबूल करायला हवं. मैत्रीण मात्र त्यानंतर मला बोलावताना "एकटीच ये हं" असं आवर्जून सांगते.

काका म्हणजे माझे घरमालक. हैदराबादेत विद्यानगरला त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते एकटे, वर दोन खोल्यांत मी एकटी. मूळचं त्यांचं घराणं भालकीकडचं, शेतकरी. वडिलांनी अफझलगंजात नळ-पायपांचं दुकान टाकलं, काकांनी ते आयुष्यभर चालवलं, आणि गुडघे बोलायला लागल्यावर भाड्याने देऊन टाकलं. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी लातूरला, तिच्या संसारात. काकांच्या एका वाक्यात मराठी, दखनी आणि तेलुगू सुखाने नांदतात. माझ्या पुणेरी मराठीला ते 'रेडिओ' म्हणतात. मी काहीही घाईने बोलायला लागले की हात वर करून म्हणतात, "परेशान नक्को होऊस, माय. हल्लू हल्लू बोल."

सात वर्षांपूर्वी मी त्यांच्या खोल्या बघायला आले, तेव्हा मला वाटलं, आता पगार विचारतील, मांसाहार विचारतील, लग्न का नाही केलं ते तर विचारतीलच. त्यांनी एकच विचारलं, "आधीच्या घरमालकिणीचा नंबर द्या." आणि माझ्यासमोर, फोनचा आवाज मोठा करून, तिला फोन लावला. ती बाई म्हणाली, "मुलगी चांगली आहे, पण नळ घट्ट बंद करत नाही." काकांनी फोन ठेवला, मला न्हाणीघरात नेलं आणि नळ बंद करायला शिकवला. तिशी उलटलेल्या, चार माणसं हाताखाली असलेल्या मला! मी तीन वेळा उघडून बंद करून दाखवला, तेव्हा कुठे मी पास झाले.

मग अकरा महिन्यांचा करार झाला आणि त्यासोबत एक यादी. पंखे तीन, ट्यूबलाइट दोन, किल्ल्या चार, भिंतीत खिळे अकरा. खिळे त्यांनी बोट लावून मोजले होते. खाली दोघांच्या सह्या. "माणूस वाईट नसतो," ते म्हणाले, "पण जाताना दोघांनाबी येगयेगळं आठवतंय. यादी असली की भांडण न्हाई." भाडंही गल्लीतल्या भावापेक्षा थोडं कमीच सांगितलं. मी चकित झाले, तर म्हणाले, "जास्त भाडं सांगितलं की माणूस सहा महिन्यांत दुसरं घर शोधायला लागतो. मंग पुन्हा रंग, पुन्हा दलाल, पुन्हा रिकामं घर. मला हिशेब कळतो, माय." आणि निघताना बजावलं, "भाडेकरूशी सोयरीक करायची न्हाई, हा आपला उसूल हाय." त्याच आठवड्यात मला ताप आला, तर उसूलवाले काका दर दोन तासांनी दार वाजवून "हायस ना?" विचारून जात होते. स्वतः आत येत नव्हते, पेज काकूंच्या हाती पाठवत. उसूल म्हणजे उसूल.

असो. यंदाच्या मे महिन्यात मी त्यांना सांगितलं, "काका, मी घर घ्यायचं ठरवलंय."

हे माझ्यासाठी किती मोठं होतं ते सांगायला हवं. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे माझ्या पैशांचं काय करावं हे नात्यातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पुण्यातला आई-वडिलांचा फ्लॅट भावाचा, हे न बोलता ठरलेलं. आणि आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात चाळिशी उलटली की माणसाला मीटिंगांना बोलावणं हळूहळू कमी होतं, याचा अर्थ मला चांगला कळत होता. उद्या नोकरी गेली तर माझ्या पाठीशी काय? सतरा वर्षांची शिल्लक, बस. ती एकदाच खर्च करता येणार होती, आणि ती जर चुकीच्या घरात गेली असती तर दुसरी संधी नव्हती. रात्री झोप लागेना अशी गत होती माझी.

काकांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घे की. घ्यायलाच पाहिजे. मी येतो बघायला. पाणी आधी, कागद नंतर."

रिकाम्या फ्लॅटमध्ये बादली नसते, म्हणून काका घरची निळी बादली घेऊन निघत. टॅक्सीवाले गाडी थांबवायचे, बादली बघायचे आणि आम्हाला विचारायचे, "अम्मा, गाडी धुवायला आलात का?" काका मागच्या सीटवर बादली मांडीवर घेऊन, लग्नाला निघाल्यासारखे ताठ बसत.

पहिलाच फ्लॅट बघितला आणि मी प्रेमातच पडले. शहराबाहेर, नवीकोरी इमारत, तिसरा मजला, आणि किंमत अशी की डोळ्यांवर विश्वास बसेना. माहितीपत्रकावर पांढरे हंस. खाली 'तळ्याकाठचं निवांत जीवन'. सोमवारपर्यंत टोकन दिलं तर पार्किंग फुकट. काकांनी नळ सोडला. एक मिनिट चाळीस सेकंदांत बादली भरून वाहायला लागली. मी टाळी वाजवली!

काकांचा चेहरा पडला. "भर मे महिन्यात येवढं पाणी?" त्यांनी विक्रीवाल्या तरुणाला विचारलं. "बोअर किती फुटांवर लागली?"

तो अभिमानाने म्हणाला, "साठ फुटांवर, सर!"

काका बादली तिथेच ठेवून खाली उतरले आणि रस्त्यापलीकडे म्हशी चारत बसलेल्या एका म्हातारीकडे गेले. मी मागोमाग. माझी तेलुगू भाजी घेण्यापुरती, पण हे मला कळलं. काकांनी विचारलं, "अम्मा, इक्कड चेपलु पट्टारा?" इथे मासे धरायचे का? म्हातारी बोळक्या तोंडाने खूप हसली. धरायचे म्हणजे काय! तिचा नवराच जाळं टाकायचा. कुठे? तिने काठी उचलून दाखवलं. काठीचं टोक बरोबर आमच्या इमारतीच्या पार्किंगवर होतं.

विक्रीवाल्या तरुणाला नेमका तेव्हाच एक महत्त्वाचा फोन आला.

"आपण काठावर न्हाई, माय," काका म्हणाले, "आपण तळ्यात उभं हाव. उन्हाळ्यात दिसत न्हाई. पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतंय त्याची रेघ सरकारी नकाशावर असती. त्या रेघेच्या आत कागद किती बी पक्का असू दे, घर कच्चंच."

मी काय केलं? भांडले. परतीच्या वाटेवर टॅक्सीत तोंडाला येईल ते बोलले. म्हशीवाल्या बाईच्या सांगण्यावरून का कुणी लाखांचे व्यवहार मोडतं? काका बादली सांभाळत एवढंच म्हणाले, "परेशान नक्को होऊस." टोकन मी दिलं नाही, पण आठवडाभर काका जिन्यात भेटले तर मी मान फिरवून जात होते.

ऑगस्टात चार दिवस पाऊस लागून राहिला आणि त्या इमारतीच्या पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. मग भिंतीवर इमारत पाडण्याच्या सरकारी नोटिसा लागल्या. आमच्याच ऑफिसातल्या एकाने तिथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. तो कँटीनमध्ये डोकं धरून बसलेला मी बघितला. मला त्याचं खरंच वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं हायसं वाटलं, इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. त्या संध्याकाळी मी काकांसाठी कोठीच्या बाजारातून पाव किलो काजू घेऊन गेले. ते म्हणाले, "काजू कशाला? त्या म्हातारीला द्यायचे."

त्यानंतर काकांचा शब्द म्हणजे कायदा. मी त्यांच्याकडून काय काय शिकले! घर तीनदा बघायचं. एकदा भर दुपारी, एकदा पावसानंतर आणि एकदा रविवारी सकाळी नऊला, कारण तेव्हा सगळी इमारत न्हात असते आणि नळाची खरी ताकद कळते. मागच्या तीस वर्षांत घर कुणाकुणाच्या हातातून गेलं ती साखळी कागदावर सलग पाहिजे. एक कडी गळलेली असली तर नमस्कार करून निघायचं. घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर, विजेचं मीटर कुणाच्या नावावर. दलालाशी कमी आणि वॉचमनच्या बायकोशी जास्त बोलायचं. एका घरात सगळं छान होतं, तर खरेदीखतात तीन बहिणींपैकी दोघींच्याच सह्या निघाल्या. "तिसरी कुठं हाय?" काकांनी विचारलं. मालक म्हणाला, तिचं काही म्हणणं नाही. "मंग तिला म्हणू द्या की तसं," म्हणून काका उठले.

पण दिवाळीच्या सुमारास काकांचं काहीतरी बिघडलं. त्यांची कारणं पातळ व्हायला लागली. एक घर नको, कारण खिडकीतून शाळा दिसते, पोरांचा गलका होईल. पुढचं नको, कारण खिडकीतून काहीच दिसत नाही, जीव घाबरेल. एका ठिकाणी समोरचा कुत्रा माझ्याकडे बघून भुंकला. "काका, तो सगळ्यांवर भुंकतोय!" "तुझ्यावर येगळा भुंकला." अकरा घरं झाली. माझ्या सुट्ट्या संपत आल्या, किमती वाढत चालल्या.

बारावं घर सरोजिनी टीचरचं. कोठीच्या अलीकडे एका शांत गल्लीत, पहिला मजला, दोन खोल्या. या टीचर म्हणजे निवृत्त तेलुगू शिक्षिका. बहिणीकडे राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या. बादली दोन मिनिटं दहा सेकंद. कागद सगळे एका फाइलीत, वर्षवार, प्रत्येकावर पेन्सिलने आकडा. जवळच दवाखाने, त्यामुळे भाड्याला येणाऱ्या नर्स मुलींची रांग. दोघी तर टीचरना आधीच विचारून गेल्या होत्या. मला हवं होतं ते अगदी हेच. मी काकांकडे बघितलं. ते खिडकीचे गज हलवून बघत होते.

जिन्यात आल्यावर म्हणाले, "नक्को."

"का?"

"पायऱ्या तेरा हायत."

"मग?"

"तेरा चांगल्या नसतात."

जो माणूस वास्तुशास्त्रवाल्यांना "दिशा तुमच्याजवळ ठेवा, मला उतार सांगा" म्हणून हाकलायचा, तो मला पायऱ्या मोजून दाखवत होता! माझा तोल गेला. "काका, तुम्हाला मला घर घेऊच द्यायचं नाहीये," मी म्हणाले. "सरळ सांगा ना तसं!" त्यांनी बादली उचलली आणि खाली जाऊन रिक्षात बसले. पुढचे दोन दिवस आम्ही बोललो नाही. टीचरकडे दुसरं गिऱ्हाईक येत होतं. त्यांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली होती.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी एकटीच गेले, चेक घेऊन. काकांनी नको म्हटलेलं घर घ्यायला मी पहिल्यांदाच निघाले होते. टीचरनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "तुमचे काका काल परत आले होते."

माझं डोकंच फिरलं. आता हे सौदा मोडायला इथवर पोचले?

"तासभर बसले," टीचर सांगत होत्या. "समोर कोण राहतं, रात्री गेट कोण लावतं, ऑफिसातून उशीर झाला तर गल्लीत दिवे असतात का, डॉक्टर किती लांब. मग म्हणाले, ही पोरगी ताप आला तरी सांगत नाही, दार वाजवून विचारावं लागतं, ते इथे कोण करेल? मी म्हटलं, समोरच्या लक्ष्मीगारू चांगल्या आहेत. तर त्यांच्याकडेही गेले. त्यांना स्वतःचा नंबर लिहून दिला. आणि जाताना मला म्हणाले, घर फार चांगलं आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका, ती येईल."

मी खुर्चीत बसले. "पण टीचर, मी इथे राहायला येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. का? नाही येणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सात महिने मी 'घर घ्यायचंय, घर घ्यायचंय' म्हणत होते. माझ्या ऑफिसात घर घेणं म्हणजे भाड्याने देणं; सगळेच तसं करतात, सांगायचं काय त्यात? पण काका भालकीकडचे. त्यांच्यात घर घेतलं की वास्तुशांत, आणि वास्तुशांत झाली की घेणाऱ्याची चूल तिथे पेटते. स्वतः राहून बघायच्या आधी नव्या घरात परकी माणसं घालायची, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. त्यांनी मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

टोकनचा चेक मी टीचरच्या हातात दिला. घर पक्कं होतं, काकांनीच पक्कं म्हटलं होतं.

घरी पोचले तर काका व्हरांड्यात वाटाणे सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दिलं का टोकन?"

"दिलं."

"बरं केलंस. लई चांगलं घर हाय. ते पायऱ्यांचं मी आपलं उगीच." दोन शेंगा सोलून झाल्या. "कधी जायलीस मंग?"

"काका, मी कुठेही जात नाहीये. ते घर भाड्याने द्यायला घेतलंय. दोन नर्स मुली येतील तिथे. मी इथेच आहे, वर."

त्यांचे हात थांबले. "घेतलेल्या घरात तू ऱ्हाणार न्हाईस?"

"नाही."

"आन् वास्तुशांत?"

"करू ना. तुम्हीच बसा पूजेला. मग मुलींना किल्ल्या देऊ. यादीसकट."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम भडकले. वाटाण्याचं ताट बाजूला सारलं. "मंग सात महिने मला सांगितलं न्हाईस कामून? अकरा घरं नको म्हणालो, माय! त्यातली चार चांगली होती!"

"चार?" मी ओरडलेच.

"चार," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. "ते कुत्र्याचं घर तर एकदम उत्तम होतं."

मी रागवायला हवं होतं. चार घरं, सात महिने, माझ्या सगळ्या सुट्ट्या! पण मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. काकाही हसले, थोडेसे. मग ताट पुन्हा ओढून घेतलं आणि वाटाण्यांकडे बघत म्हणाले, "सकाळी आठला तू जिना उतरतीस. चपलेचा आवाज आला की मी चहाचं आधण ठेवतो. ही गेली तवापासून तसंच हाय. तू तर निघून जातीस, तुला उशीर झालेला असतो. पण आवाज आला नाही तर मला उठावंसंच वाटत न्हाई. शनिवार-रविवार लई लांबतात."

सहा वर्षं मी तो जिना धडाधड उतरत होते. मला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, ऑफिसला सुट्टी. आठ वाजता मी चपला घातल्या, एकेक पायरी वाजवत जिना उतरले आणि फाटकाकडे न वळता काकांच्या दारातून सरळ स्वयंपाकघरात गेले. ते ओट्यापाशी उभे होते. माझ्याकडे वळून बघितलं आणि पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.